आत्यांचा शनिवार

शनिवारी दुपारी आमच्या टेकडीवरच्या कम्युनिटी कॉलेजच्या मैदानावर गेलात, तर कडेच्या रेषेवर एक दांडगा माणूस उभा दिसेल. उजवा पाय जरा ताठ, खांद्यावर टॉवेल आणि आवाज असा की खाली पार्किंगमध्ये बसलेल्यालाही शब्द न् शब्द कळावा. "ढुंगण खाली, डोकं वर! उलटं नाही रे बाबा, उलटं नाही!" तो केलेपी फोनुआ. पुढच्या फळीतल्या पोरांना झुंजायला शिकवतो. हाच माणूस कितीतरी वर्षं व्यावसायिक फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन धडका देत खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल, खेळला, हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, "खेळलो थोडं." पण ते थोडं कसं जमलं आणि कसं संपलं, हे ईस्ट पालो आल्टोच्या आमच्या गल्लीतली, दूरच्या समुद्रातल्या बेटांवरून अमेरिकेत आलेली टोंगन मंडळी न विचारता सांगतात. आणि सांगायला बसली की केलेपी राहतो बाजूला, त्याच्या आत्यांचंच जास्त सांगून होतं.

लेसिएली आत्या म्हणजे केलेपीच्या वडिलांची थोरली बहीण. टोंगन घरात थोरल्या बहिणीपुढे बापाचंच काही चालत नाही, तिथे पोरांचं कुठून चालायला? बाळाचं नाव आत्या ठेवणार, लग्नात पहिला मान आत्याचा, आणि आत्या खोलीत आली की भावाची पोरं मुकाट्याने खाली जमिनीवर बसणार. केलेपी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. भावाला, सोसाइयाला, बेटावरून इकडे आणलं तेही त्यांनीच. स्वतः हायवेपलीकडच्या श्रीमंत म्हाताऱ्यांची आंघोळपांघोळ, औषधपाणी करायच्या आणि त्या कमाईवर इथे सगळ्या कुटुंबाचा संसार उभा राहिला. बुटक्या, रुंद, आणि बोलणं मोजकं. सोसाइया सिमेंट-काँक्रीटची कामं घेणारा, पिंपाएवढा माणूस; पण बहिणीचा आवाज दारात आला की हा मागच्या दाराने अंगणात.

आत्यांचा रविवार म्हणजे कडक सोवळं. गवत कापायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत, चेंडू तर नजरेसही पडता कामा नये. पहाटे मागच्या अंगणात उमूचा खड्डा तापवायचा, अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि मांस बांधून त्यात पुरायचं, चर्चला जायचं, परत येऊन ते उकरून खायचं आणि आडवं व्हायचं. लहानपणी एकदा केलेपीने रविवारी भिंतीवर चेंडू आपटला. आत्यांनी कोयता आणला आणि चेंडूचे दोन तुकडे केले. सोमवारी कामावरून येताना मात्र नवा चेंडू घेऊन आल्या, आधीच्यापेक्षा चांगला. तो त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "सोमवार ते शनिवार."

शाळेत केलेपीचं डोकं पुस्तकात कधी बसलं नाही. खेळायचा चांगला, पण गुण असे की एकाही विद्यापीठाने दारात उभं केलं नाही. बरोबरीची दोन पोरं शिष्यवृत्ती घेऊन बाहेर गेली आणि केलेपी बापाबरोबर लोकांच्या गॅरेजपुढचं काँक्रीट ओतायला लागला. दिवसभर गुडघ्यांवर बसून थापी मारायची. त्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, की टेकडीवरच्या कॉलेजात जायचं. तिथे कुणालाही घेतात. गल्लीतली पोरं हसली, "तिथे काय, दार ढकललं की आत!" केलेपी म्हणाला, "मग ढकलतो."

तिथले कोच पर्नेल म्हणजे वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. लुइझियानाहून आलेले, वय झालेलं, डोळ्यांवर कायम गॉगल. त्यांनी केलेपीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठल्या जागेवर खेळतोस?"

"बॉल झेलतो, कोच. कडेला."

"कडेला? तुझ्या आईने तुला कडेला ठेवायला एवढं खाऊ घातलं का?" कोच म्हणाले. "तू मधला आहेस, पोरा. तू सेंटर."

केलेपीचा चेहरा पडला. सेंटर म्हणजे वाकायचं, बॉल दोन पायांमधून मागे द्यायचा आणि समोरचा राक्षस अंगावर आला की त्याला अडवायचं. पळायचं दुसऱ्यांनी, टाळ्या दुसऱ्यांना. सेंटरचं नाव लोकांना कळतं ते तो चुकतो तेव्हा. पण कोचनी त्याला वाकायला लावलं आणि थोडा वेळ बघत राहिले.

"हे असं बसायला कुठे शिकलास?"

"काँक्रीटवर."

"इतरांना हे शिकवायला मला दोन वर्षं लागतात," कोच म्हणाले, आणि विषय तिथेच मिटला.

पहिलं वर्ष तर खेळायलाही मिळालं नाही. आधी इंग्रजी आणि गणिताचे मागे राहिलेले वर्ग पुरे कर, मग संघाचे कपडे घाल, असा कोचचा हुकूम होता. कॉलेज कुणाला पैसे देत नाही, राहायला खोली देत नाही. केलेपी पहाटे बापाबरोबर काँक्रीट ओतायचा, सिमेंटने माखलेल्या बुटांनीच वर्गात बसायचा आणि दुपारी मैदानावर दुसऱ्यांना पाणी द्यायचा. संध्याकाळी घरामागच्या कुंपणाला जुना टायर टांगून, त्याच्याकडे पाठ करून वाकायचा आणि पायांमधून बॉल टायरच्या भोकात मारायचा. आधी आठवडाभर तो शेजारच्यांच्या प्लमच्या झाडाला लागत होता. शेजारीण ओरडायची, "अरे, झाडाने काय केलंय तुझं?" पुढे बॉल भोकातून जायला लागला आणि मग तो डोळे मिटूनही जायला लागला. रविवारी टायर नुसता लोंबत असायचा.

दुसऱ्या वर्षी तो मैदानात उतरला आणि लेसिएली आत्या सामन्याला यायला लागल्या. कॉलेजचे सामने शनिवारी, त्यामुळे देवाची हरकत नव्हती. काळी छत्री आणि टोंगन रीतीप्रमाणे मानाच्या प्रसंगी कपड्यांवरून कमरेला गुंडाळायची विणलेली चटई. खेळातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण केलेपी जमिनीवर पडला की उभ्या राहायच्या आणि तो उठला की बसायच्या. त्यांना उभं राहिलेलं बघून बाकीचं कुटुंब उभं राहायचं, ते बघून शेजारची अनोळखी माणसंही उभी राहायची. त्या मोसमात केलेपी जेवढा खेळला तेवढं सुखाने पुन्हा कधी खेळला नाही, असं तो स्वतःच म्हणतो.

तिथून त्याला डोंगराकडच्या एका विद्यापीठाने उचललं. तेही सामने शनिवारचे. आत्यांना तिकडे जाणं जमायचं नाही, पण टोमासीच्या, म्हणजे केलेपीच्या चुलतभावाच्या घरी टीव्हीसमोर त्या ठाण मांडून बसायच्या. विद्यापीठ संपताना एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीला बोलावलं आणि खरं संकट उभं राहिलं. मोठे संघ रविवारी खेळतात.

केलेपी घरी आला आणि आत्यांच्या उंबऱ्यापाशी मांडी घालून बसला. आत्या घड्या घालत होत्या, दुसऱ्यांच्या चादरींच्या.

"आत्या, मला बोलावणं आलंय."

"ऐकलं. टोमासीने गावभर केलंय."

"रविवारी खेळतात ते."

"देवाने सहा दिवस मोकळे दिलेत. त्यांना सांग, त्यातला एक घ्या."

"ते माझं ऐकायचे नाहीत, आत्या."

"मग तू त्यांचं का ऐकतोस?"

खाली बघत केलेपी म्हणाला, "मला खेळायचंय. मी टेकडीवरून इथवर आलोय. अजून कुठवर जाता येतं ते बघायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

आत्यांनी एक चादर पुरी घडी केली, दुसरी उचलली. "तेच तर. मी नको म्हटलं तर तू जाणार नाहीस. म्हणून मी नको म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण जा असंही म्हणणार नाही. आणि रविवारचा तुझा एकही खेळ बघणार नाही, टीव्हीवरसुद्धा. शनिवारी खेळलास तर सांग."

केलेपी गेला. पण त्या दिवसापासून त्याच्या जिवाला एकच लागून राहिलं. जगाने बघितलं काय, न बघितलं काय. मोठ्या मैदानावर एकदा आत्यांनी आपल्याला बघायला हवं.

व्यावसायिक खेळातली त्याची वर्षं म्हणजे मुख्यतः दार ठोठावण्याची वर्षं. पहिल्या संघाने उन्हाळा संपायच्या आत घरी पाठवलं. दुसऱ्याने नुसतं सरावापुरतं ठेवलं आणि बर्फ पडायला लागल्यावर काढलं. प्रत्येक वेळी तो बॅग घेऊन घरी यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर हजर. पर्नेल कोच सांत्वनाचा शब्द काढायचे नाहीत. व्यायामशाळेकडे हनुवटी करून म्हणायचे, "दार उघडंच आहे." केलेपी वजनं उचलायचा, कॉलेजच्या पोरांबरोबर टेकडी चढायचा, आणि कुणाचा तरी फोन आला की पुन्हा बॅग भरायचा. गल्लीत कुणी म्हणालं, "बस की आता, किती वेळा हाकलून घेशील?" तर म्हणायचा, "त्यांचं हाकलायचं काम, माझं जायचं."

तिसऱ्या संघाने ठेवलं. उत्तरेकडचं गाव, गारठ्याने कान गळून पडावेत असं. तिथे तो राखीव सेंटर झाला. पहिला सेंटर पडला तर हा उतरणार, नाहीतर किक मारायच्या वेळी फळीत उभा राहणार. वर्षं गेली. बापाचं घर नव्याने बांधून झालं. उजव्या गुडघ्यात पाणी व्हायला लागलं, ते सुईने काढायचं आणि खेळायचं. आणि दर सोमवारी आत्यांना फोन. "कसा आहेस?" "बरा आहे." "चर्चला गेलास?" "खेळत होतो, आत्या." मग दोघं हवापाण्याचं बोलायची.

त्या शेवटच्या मोसमाचं वेळापत्रक लागलं तेव्हा केलेपीने ते उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. नाताळच्या आधी कॉलेजांचे सामने उरकले की मोठे संघही कधीमधी शनिवारी खेळतात. त्याच्या संघाचा असा एक सामना होता, आणि तोही आमच्याकडे, खाडीच्या काठावरच्या स्टेडियममध्ये. घरापासून तासाभरावर. त्याने लगेच फोन लावला.

"आत्या, डिसेंबरात आमचा सामना आहे. तुमच्याकडेच. शनिवारी."

आत्या म्हणाल्या, "शनिवारी सकाळी मला मिसेस हॉलोवेंना आंघोळ घालायची असते."

"दुपारी आहे."

"बघू."

आत्यांचं 'बघू' म्हणजे 'येते', हे केलेपीला माहीत होतं. आता प्रश्न त्याचा होता. गुडघा ऑक्टोबरातच टेकीला आला होता. संघाचा डॉक्टर म्हणाला, याला आता विश्रांती हवी, खरं म्हणजे चाकूच हवा. फळीच्या कोचने स्वच्छ सांगितलं, सराव चुकवलास तर तुझ्या जागी दुसरा आणावा लागेल. दुसरा होताच, बाविशीतला, ताज्या गुडघ्यांचा, मागे उभा. केलेपीने मनाशी पक्कं केलं, की डिसेंबरातल्या त्या शनिवारपर्यंत ही जागा सोडायची नाही. त्यानंतर जे व्हायचं ते होऊ दे. सगळ्यांच्या आधी येऊन तो पाय गरम पाण्यात बुडवायचा, सगळ्यांच्या नंतर बर्फात. एकही सराव चुकवला नाही. जिने उतरताना तो उलटा उतरायचा, कुणी बघत नसेल तेव्हा. संघाचा मलमपट्टीवाला रुबेन म्हणायचा, "काय सिद्ध करायचंय तुला, बाबा?" केलेपी म्हणायचा, "शनिवारचं काम आहे एक."

तिकिटांची व्यवस्था त्याने जातीने केली. दोन तिकिटं मैदानाला अगदी खेटून, त्याच्या संघाच्या बाकामागची. खेळाडूंचा घाम दिसावा, हाडं आपटलेली ऐकू यावीत अशी जागा. त्यासाठी त्याने दोन सहकाऱ्यांच्या मिनतवाऱ्या केल्या. ती दोन आत्यांसाठी आणि त्यांच्या सोबतीसाठी. बाकी कुटुंबाला मिळतील ती, म्हणजे पार वरची, शेवटच्या रांगांतली. एवढा विचार केला, आणि इतकी वर्षं परमुलखात काढल्यावर नेमकी एक गोष्ट तो विसरून गेला.

ती गोष्ट स्टेडियमच्या पार्किंगमध्ये उघडी पडली. सगळं गोत्र तीन व्हॅनमधून उतरलं होतं. अळूच्या पुड्या आत नेता येणार नाहीत असं कळल्यावर आत्या म्हणाल्या, "हातात नेता येत नाही ना? पोटातून न्या," आणि सगळ्यांनी तिथेच फन्ना उडवला. दारावरच्या पोरीने आत्यांच्या कमरेच्या चटईवर यंत्र फिरवत विचारलं, "आजी, हे काढता येईल का?"

"तू तुझी पँट काढशील का?" आत्यांनी विचारलं. पोरीने त्यांना तशाच आत सोडलं.

आत टोमासीने तिकिटं वाटायला घेतली आणि त्याचा हात थबकला. "आत्या, तुमची जागा खाली आहे. अगदी मैदानाजवळ."

"आणि तुमची?"

"वर."

सोसाइया दूर उभा होता, तो आणखी दूर सरकला. भावाची पोरं, सुना, नातवंडं सगळी वर, आणि आत्या त्यांच्या पायांखाली! आमच्याकडे आत्या खाली असताना घरात खुर्चीवरही कुणी बसत नाही.

"आत्या," टोमासीने धीर करून म्हटलं, "अमेरिकेत खालचीच जागा मानाची असते. महाग असते ती."

"अमेरिकेत असेल," आत्या म्हणाल्या. "मी आज अमेरिकेत बसायला आलेली नाही. माझ्या माणसांत बसायला आलेय."

"वन्सं, पण तिथून दिसणार नाही तुम्हाला," केलेपीची आई हळूच म्हणाली.

"आणि हे सगळे माझ्या डोक्यावर बसले तर यांना काही दिसेल का? यांच्या माना वर होतील का?" आत्यांनी ती दोन तिकिटं काढून भावजयीच्या हातात दिली. "तू आणि सोसाइया खाली बसा. मी वर." एवढं बोलून त्या जिना चढायला लागल्या. मग चढत राहिल्या. सगळ्यात शेवटच्या रांगेत, मागे नुसती भिंत आणि वर समुद्रपक्षी, तिथे त्या बसल्या. त्यांच्या खालच्या रांगांत कुटुंब बसलं.

यातलं केलेपीला काही ठाऊक नव्हतं. सरावाला मैदानात आला तेव्हा त्याने पहिलं काय केलं असेल तर बाकामागच्या त्या दोन खुर्च्यांकडे बघितलं. तिथे आई होती आणि बाप होता. बाप हात हलवत होता. जवळ जाऊन विचारायला वेळ नव्हता आणि विचारायचं तरी काय? तिकिटं दुसऱ्यांनी वापरली याचा अर्थ सरळ होता. आत्या आल्या नव्हत्या. आपण मोठ्या संघात गेलो हे त्यांनी कधी मान्यच केलं नव्हतं, शनिवार हे नुसतं बोलायचं कारण होतं. त्याला राग आला, मग रागाची लाज वाटली, आणि मग त्याने शिरस्त्राण घट्ट केलं. आला होता तर खेळायचं होतं.

अर्धा सामना तो किकेपुरता आत-बाहेर करत राहिला. मध्यंतरानंतर पहिल्या सेंटरचा घोटा मुरगळला आणि फळीचा कोच ओरडला, "फोनुआ!"

तो वाकला. समोर एक धिप्पाड जवान होता, दहा वर्षांनी लहान, तोंडाने अखंड बडबडणारा. "म्हाताऱ्या, गुडघा वाजतोय तुझा, मला इथवर ऐकू येतंय!"

"तो वाजला की समजायचं, तू पडणार," केलेपी म्हणाला, आणि बॉल मागे देऊन त्याने त्याला खरोखरच पाडलं. पुढच्या वेळी पुन्हा. मग संघाने ओळखलं की मधून वाट मिळतेय, आणि ते मधूनच घुसायला लागले. बॉल घेऊन पळणारा दर वेळी केलेपीच्या पाठीला हात लावून त्याने पाडलेल्या खिंडीतून जायचा. असे ते इंच इंच करत सगळं मैदान पार करून गेले. कुणासाठी खेळतोय, हा विचार केलेपीच्या डोक्यातून गेला होता. गुडघ्यावर बसून बापाबरोबर एखादी लांबच लांब पायवाट सारखी करताना जसं दुसरं काही सुचायचं नाही, तसं झालं होतं.

शेवटची रेषा हातभर उरली असताना बाजूचा एक गडी मागून येऊन त्याच्या उजव्या पायावर कोसळला. गुडघ्यात काहीतरी तुटलं. ते त्याला दुखण्याआधी ऐकू आलं. बॉल रेषेपार गेला, शिट्टी वाजली, आणि केलेपी गवतावर पडून राहिला.

रुबेन धावत आला. पाठोपाठ ती छोटी गाडी आली, जिच्यावर आडवं घालून नेतात.

"संपलं रे. हलू नकोस. बस गाडीत," रुबेन म्हणाला.

"गाडी परत पाठव."

"वेडा झालास? सगळं फाटलंय आतमध्ये!"

"चालत आलो होतो मी," केलेपी म्हणाला. "चालत जाणार." आणि दात दाबून तो उठायला लागला. एकदा बसला. पुन्हा उठला. रुबेनने काखेत हात घातला, तो त्याने काढला. मग त्या भल्या थोरल्या मैदानावर तो एकटा, पाय ओढत, थांबत, पुन्हा ओढत निघाला, आणि रिकामी गाडी त्याच्या मागून हळूहळू येत राहिली. हजारो लोक बघत होते. त्याला त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. तो भुयारी वाटेत शिरला, भिंतीला टेकला आणि तिथे मात्र रुबेनच्या अंगावर सगळा भार टाकून मोकळा झाला.

खालच्या उपचाराच्या खोलीत डॉक्टरने गुडघा दाबून बघितला आणि बोलायचं टाळलं. केलेपीला ते पुरेसं कळलं. मग दाराबाहेर गलका ऐकू आला.

"आत फक्त घरचे, बाई. तुम्ही आई का त्याची?" पहारेकरी विचारत होता.

"आईच्या वरची."

दार उघडलं. आत्या आत आल्या. चेहरा घामाने थबथबलेला, छत्रीवर भार दिलेला, धाप लागलेली. तो शेवटच्या रांगेपासूनचा सगळा जिना त्या उतरून आल्या होत्या आणि टोमासी मागे पायपुसण्यासारखा उभा होता. त्यांना बघून केलेपी धडपडला. उंच टेबलावर आपण आणि आत्या खाली उभ्या, हे त्याला सहन होईना. टेबलावरून खाली उतरायला त्याने चांगला पाय सोडला.

"पडून राहा," आत्यांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं.

"तुम्ही आलात?"

"म्हणजे? शनिवार आहे ना?"

"मी तुम्हाला पुढची जागा पाठवली होती."

"तुला अक्कल नाही. मी वर बसले होते, भिंतीला टेकून."

केलेपीला एकदम सगळं उमगलं आणि तो कपाळावर हात मारून घेणार होता. "मग तिथून दिसलं काही?"

"काय दिसणार, कपाळ! मुंग्या. या मुंग्या पांढऱ्या, त्या मुंग्या लाल. टोमासी सांगत होता, तो बघा केलेपी, तो बघा केलेपी. मी आपली हो म्हणत होते. मला तू कुठेच दिसला नाहीस." आत्यांनी टॉवेलने त्याचा चेहरा पुसला, लहान पोराचा पुसतात तसा, जोर देऊन. "मग एक मुंगी पडली. गाडी आली न्यायला. मुंगी गाडीत बसेना. पडली, उठली, चालायला लागली. मी टोमासीला म्हटलं, ऊठ. खाली चल. तो आपला आहे."

केलेपीने तोंड टॉवेलमध्ये लपवलं आणि तो रडला, आवाज करून. काढून टाकलं तेव्हा रडला नव्हता, सुया टोचल्या तेव्हा रडला नव्हता. डॉक्टर आणि रुबेन दुसरीकडे बघत राहिले. आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो थांबेपर्यंत तसाच ठेवला.

"उद्या प्रार्थनेला ये," मग त्या म्हणाल्या. "कुबड्या घेऊन ये. रविवारी तुला आता दुसरं काम नाही."